दुधाच्या टेम्पोतलं अर्थशास्त्र

बावधन,
१७ ऑगस्ट २००९

ति. नरहरीकाकांस,
हेमलताचा शि. सा. न. वि. वि.

तुम्ही मिरजेच्या मंडईत मास्क न लावता हिंडता, अशी चहाडी काकूने फोनवर केली आहे. इकडे स्वाइन फ्लूने सगळ्यांची गाळण उडाली आहे. पौडचं आमचं कॉलेज बंद होऊन आठवडा झाला आणि आज सुट्टी आणखी वाढली. मुलं मुळशीच्या गावागावांत पांगली आहेत. निम्म्यांच्या घरी फोनला रेंज नाही, मग इंटरनेट कुठलं? म्हणून मी सकाळी चांदणी चौकात उभी राहून दुधाच्या टेम्पोवाल्या एकनाथकडे नोट्सची अकरा-अकरा पानांची पाकिटं देते. तो ती गावोगाव पोचवतो आणि पोरांची उत्तरं घेऊन येतो. आमच्या अर्थशास्त्राला सध्या सायीचा वास येतो.

तुमची सगळी नोकरी पत्रद्वारा अभ्यासक्रमात गेली, म्हणून विचारते. रिहे गावची अपूर्वा, माझी सगळ्यात हुशार विद्यार्थिनी, तिचं पहिलं उत्तर मी तपासून पाठवल्यापासून गप्प आहे. तिचे वडील विठ्ठलराव एकनाथला म्हणाले, की कालेजच न्हाई तर पोरीला बसवून काय करू, बघायला पावनं येत्यात. माझी झोप उडाली आहे. लाल पेनने तपासलेल्या तिच्या कागदाची झेरॉक्स सोबत जोडते. माझं काय चुकलं ते सांगा, पण हसू नका.

तुमची,
हेमलता

---

मिरज,
२० ऑगस्ट २००९

चि. हेमलता हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

चहाडी खरी आहे. हसू नका म्हणालीस, तेही जमलं नाही. एका पाकिटात अकरा पानं! फ्लूतून वाचलेली पोरं तुझ्या मागणी-पुरवठ्याने आजारी पडतील. एक पान आणि एक प्रश्न पुरे, तोही घरातल्या घरात सुटेल असा. आधीच घाबरलेल्या माणसाच्या डोक्यात जास्त मावत नाही.

अपूर्वाचा कागद पाहिला आणि हसू थांबलं. तिचं उत्तर मध्येच तुटलंय आणि तू त्यावर लाल शाईने ‘अपूर्ण. पुन्हा लिहा.’ एवढंच ठोकून दिलंस. तू रागावतेस आणि पुढच्या क्षणी हसतेस, हे मी तुझ्या परकरी वयापासून बघतोय. वर्गातही तसंच करत असशील. पाकिटातून मात्र नुसता राग गेला. लाल पेन कपाटात टाक. तिला आधी कशी आहेस ते विचार, मग उत्तर का थांबलं ते. आणि सोपं लिही, कारण पाकीट घरात कोण फोडेल सांगता येत नाही.

वेळेवर जेवतेस का, असं काकू विचारते आहे. मी मुळीच विचारत नाही.

तुझा,
नरहरीकाका

---

बावधन,
२९ ऑगस्ट २००९

ति. काकांस शि. सा. न. वि. वि.

जेवते. काकूला सांगा, तुम्हाला नाही.

पाकीट एका पानावर आणलं. गणपतीला घरात कोणती खरेदी टाळली आणि का, एवढाच प्रश्न घातला. उत्तरांचा पाऊस पडला. एकाने लिहिलंय, की वडिलांनी त्याचा मोबाइल टाळला आणि स्वतःसाठी मात्र नवा शर्ट घेतला, हा अन्याय अर्थशास्त्रात कुठे बसतो?

अपूर्वाला वेगळं पत्र लिहिलं. कशी आहेस, घरी सगळे बरे आहेत ना, जेवढं लिहिलंस तेवढं अगदी बरोबर आहे, मी घाईत शेरा मारला, वर्गात तुझी वाट बघते आहे, असं. बरेच दिवस उत्तर नाही. एकनाथ लांबून मान हलवायचा आणि माझा दिवस तिथेच मावळायचा. काल त्याने टेम्पो थांबवून पाकीट हातात दिलं.

काका, उत्तर लिहीत असतानाच तिच्या आईला ताप भरला होता. दवाखान्यात न्यावं लागलं, म्हणून ते अर्धं राहिलं आणि तसंच एकनाथकडे गेलं. ताप साधाच निघाला, आई आता बरी आहे. पण अपूर्वा घरी येऊन बघते तर माझा लाल शेरा. तिला वाटलं, मॅडमना आता आपण नको आहोत. पाहुण्यांना होकार कळवा, असं मग तिनेच घरी सांगितलं.

माझं पत्र विठ्ठलरावांनी तिच्याकडून मोठ्याने वाचून घेतलं म्हणे. मग एकनाथला म्हणाले, की पावनं काय, परीक्षा झाल्यावं बी येतील, म्याडम येवढी वाट बघतीया तर पोरीला कसं आडवू. सोमवारी कॉलेज उघडतंय, ती येते आहे.

चांदणी चौकात एवढ्या रहदारीत उभी राहून मी रडले. तुम्ही मला विसराळू म्हणा, आळशी म्हणा, पण हे मात्र ऐकून ठेवा: लाल शाईच्या तीन शब्दांत मी एका पोरीचं लग्न लावून देत होते.

लोभ आहेच, तो असाच टोचत राहो.

तुमची,
हेमलता