मालक क्रमांक दोन

६ फेब्रुवारी
आज सकाळी देवापुढे हात जोडले आणि लगेच बायकोची सही करायला बसलो. आधी जुन्या वर्तमानपत्राच्या कडेला चारदा. मग वरच्या खोलीतल्या नर्सबाईंच्या नव्या भाडेकरारावर, ‘मालक क्रमांक दोन’ लिहिलंय तिथे. चार वर्षांत चार झाल्या, ही पाचवी. शेवटी ती घाईत एक रेघ ओढते, तीही जमली. रेघ ओढून होईपर्यंत ती शेजारी बसल्यासारखी वाटते. हे कुणाला सांगण्यासारखं नाही.

गावच्या शाळेत गुरुजींनी माझं अक्षर घोटून घेतलं, त्याचा हा उपयोग!

७ फेब्रुवारी
नोंदणी कार्यालयातून करार परत आला. कारकून म्हणाला, “काका, आता घरून सही करून आणलेली चालत नाही. दोन्ही मालक समोर हवेत. फोटो, अंगठा. बाई कुठे आहेत?”

“बरं नाही तिला. घरी आहे.”

“मागच्या वर्षीही बरं नव्हतं. डॉक्टर बदला.”

ताप, पाठदुखी, एकदा तर पाय मोडला – माझ्या तोंडून तिला काय काय झालं! ती पाच वर्षं बहिणीकडे आहे, ठणठणीत.

९ फेब्रुवारी
नर्सबाई जिन्यात थांबल्या होत्या. “काका, कराराचं काय झालं? दवाखान्यात पत्त्यासाठी नोंदलेलाच मागतात. महिनाअखेर नाही दिला तर नोकरी पक्की होत नाही. आईला घेऊन दुसरी खोली कुठे शोधू आता?”

“बघतो,” म्हटलं. माझं नेहमीचं उत्तर.

बायको गेली तेव्हाही तसंच. “बहिणीकडे जातेय. राहायलाच,” म्हणाली. मी “बरं” म्हटलं आणि तिची बॅग खाली नेऊन दिली. नीट, कोपरे भिंतीला न घासता.

१० फेब्रुवारी
फाइल काढून बसलो. प्रत्येक भाडेकरूचं वेगळं पाकीट. करार, ओळखपत्राची प्रत, पोलिसांत दिलेल्या माहितीची पोच, खोलीतल्या वस्तूंची यादी. ही पद्धत तिची. पहिली यादी तिच्याच अक्षरात – ‘खिडक्या दोन, एकीची कडी सैल. खिळे सात, एक वाकडा.’ तो वाकडा खिळा मी अजून बदललेला नाही. भाडेकरू बदलला की यादीत तो पुन्हा लिहितो.

पोच नाही असं एक पाकीट नाही. आणि सही खरी आहे असं गेल्या चार वर्षांतलं एकही नाही.

१३ फेब्रुवारी
फोन केला. तीन दिवस लागले. म्हटलं, “नर्सबाईंच्या करारासाठी तुझा अंगठा हवा होता.”

पलीकडून, “नर्सबाईंसाठी. तुम्हाला काही नको ना?”

“कार्यालय दहाला उघडतं,” एवढंच म्हटलं.

“मंगळवारी येते,” म्हणाली.

१४ फेब्रुवारी
देवापुढे उभा राहिलो. काय मागावं तेच ठरेना.

१७ फेब्रुवारी
आली. केस पिकलेत. पाणी दिलं, ते तसंच ठेवून उभ्या उभ्या फाइल चाळू लागली. मला ती लपवता आली असती. लपवली नाही.

“ही सही कोणी केली?”

“मी.”

“आणि ही?”

“तीही मीच.”

पाचही करार तिने ओळीने मांडले. “माझ्यापेक्षा माझी सही तुम्हीच बरी करता.” वाटलं, हसेल. हसली नाही. “दर वर्षी मला या कागदावर घरी आणून बसवलंत. एकदा घ्यायला यायचं नाही सुचलं?”

बहिणीच्या गावची बस दोन तासांची आहे. दर सहीच्या वेळी मला ती बस आठवायची. हे मी आज बोललो. मोठ्याने, तिच्यासमोर.

ती खुर्चीवर बसली. पाणी प्यायली. मग म्हणाली, “आधी कार्यालयात खरं सांगा. गुन्हा आहे हा. खोट्याच्या शेवटी माझा अंगठा नको.”

परत जाताना वर जाऊन खोली बघून आली. “खिळा तसाच आहे,” एवढंच म्हणाली.

२० फेब्रुवारी
आज कार्यालयात लेखी दिलं. पाचही करारांवरच्या तिच्या सह्या माझ्या हाताच्या. चौकशी होईल म्हणाले. होऊ दे. कारकुनाने कागद दोनदा वाचला, चष्म्यावरून पाहिलं. “मग बाई आहेत तरी कुठे?”

“सकाळच्या बसने आली. बाहेर बाकावर बसली आहे,” म्हटलं. “बोलावून आणतो.”

आणि घ्यायला गेलो.