आई मागच्या सीटवर

जळकोट

अमरदादा,

आपली काँटेसा भंगारात घाला म्हणून तू फोनवर किती ओरडलास! आप्पांनी डिकीतून सोयाबीनची पोती वाहून वाहून तिची मागची चॅसी तडकली होती, शॉकअप बसतात तिथला पत्रा फाटला होता, हे खरंय. पण लोकांच्या ट्रॉल्या जोडणारी मी, घरची गाडी कशी सोडीन? सगळा गंज घासून काढला, आतून जाड पट्टी बसवली, तिरके आधार दिले आन् वेल्डिंग मारलं.

काल आईला मागं बसवून तुळजापूरला निघाले. स्पीडब्रेकर आला की गाडीचं बूड घासू नये म्हणून मागच्यांनी उतरून चालायचं, ही आपल्या घरची वीस वर्षांची रीत. आई सवयीनं दार उघडाय लागली. मी म्हणलं, "बस गं, आई!" गाडी अलगद पार झाली. खाली खर्रकन आवाजच न्हाय!

आई म्हणली, "मागं घे की. परत एकदा जाऊ."

तीनदा गेलो, दादा!

हे पत्र काय टाकणार न्हाय. आधीच कळलं तर मजा काय? दिवाळीला तुला मागं बसवीन, आन् स्पीडब्रेकर दिसताच तू दार उघडलंस की पोट धरून हसीन.

तुझी वेल्डर बहीण,
राजनंदिनी