विहिरीपाशी पाटी

९ जानेवारी
लहानपणी ताई आणि मी जिन्याखाली दुकान मांडायचो. खोक्यात बटणं, आणि पुढे तिच्या हातची पाटी — ‘उधार मिळणार नाही’. गिऱ्हाईक मीच, उधार मागणारीही मीच! ती पाटी वाचता यावी म्हणून मी अक्षरं शिकले. कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरना वाटायचं, त्यांच्या पट्टीमुळे.

आज हे आठवलं ते नातीमुळे. आठ वर्षांची, पायाला भिंगरी, म्हणून घरात नावही भिंगरीच. पुस्तक उघडलं की मात्र पोटात दुखतं. बाईंनी लेकीला बोलावून सांगितलं — वाचन सुधारलं नाही तर याच वर्गात ठेवावं लागेल. तिला सगळं मीच वाचून दाखवते. मार्चमध्ये माझ्या हृदयाचं ऑपरेशन. मग कोण दाखवणार?

१७ जानेवारी
भिंगरीच्या टॅबवर एक गेम आहे. एक बेट, त्यावर घर बांधायचं, शेत करायचं. माझ्या फोनवरूनही त्याच बेटावर जाता येतं. गेले! तिथे पाट्या रोवता येतात. मी लगेच एक रोवली — ‘खजिना झाडामागे’.

वाचून दाखव म्हणाली. म्हटलं, चष्मा सापडत नाही.

“नाकावर आहे तुझ्या.”

“मग पुसायला हवा.”

बराच वेळ कुरकुर. मग दबक्या आवाजात — ख... जि...

२ फेब्रुवारी
लेक वैतागली. “आई, मी तिची गेमची सवय सोडवायला बघतेय, आणि तू तिच्याबरोबर बेटावर राहायला गेलीस?”

म्हटलं, भाडं पडत नाही.

११ फेब्रुवारी
विहिरीत पडले — बेटावरच्या. फोनवर बोटं थरथरतात, चालायला जावं एकीकडे, जाते भलतीकडे. भिंगरी पोट धरधरून हसली, मग दोर सोडून मला वर काढलं. संध्याकाळी पुन्हा पडले. या वेळी हसली नाही.

१२ फेब्रुवारी
विहिरीपाशी पाटी! ‘आजी, इथे विहीर आहे. हळू चाल.’

कुणी लिही म्हटलं नव्हतं. लेकीला सारखी विचारत होती म्हणे, पहिली वेलांटी की दुसरी? चुकलं तर आजीला वाचता येणार नाही आणि ती पडेल. लेक हे सांगत होती कपडे वाळत घालता घालता, माझ्याकडे पाठ करून.

मी उधारीपोटी शिकले. ही पोर काळजीपोटी.

२३ फेब्रुवारी
बेटभर पाट्या. कोंबड्यांच्या खुराड्यावरसुद्धा — ‘आत येण्याआधी विचारा’.

६ मार्च
बाईंसमोर वाचन झालं. धडा नवा होता. अडखळली, मागे गेली, पण शेवटच्या ओळीपर्यंत स्वतः पोचली. वरच्या वर्गात जाणार!

शिकवणी कुठे लावली, बाईंनी विचारलं. भिंगरी म्हणाली, “शिकवणी नाही. आजी पडते.”

बाई माझ्याकडे बघतच राहिल्या. मी दारात उभी. छाती अशी फुगली होती, डॉक्टरांनी पाहिलं असतं तर ओरडलेच असते.

१५ मार्च
उद्या दवाखान्यात भरती व्हायचं. येईन परत, पण लिहून ठेवलेलं बरं. बांगड्या लेकीला. बटणांचं खोकं ताईला — उधारी फिटली म्हणावं. बेटावरचं माझं घर आणि कोंबड्या भिंगरीला. विहीर बुजवू नये.

ही वहीसुद्धा भिंगरीलाच. कुणी वाचून दाखवायची नाही. तिची ती वाचेल.