डाव्या हाताच्या ओळी

९ जून
शाळा सुरू व्हायच्या आत सुधीरच्या चाली कागदावर उतरवून द्यायच्या ठरल्या. त्याच्या जागी आलेले नवे संगीताचे सर म्हणाले, "मॅडम, मला कानानं उचलता येत नाही, नोटेशन लागतं." शाळेत कॉम्प्युटर मी शिकवते. नोटेशन वाचायला सुधीरनंच शिकवलेलं. आणि त्याची बायको पण मीच. काम दुसऱ्या कुणाकडं जाणार?
त्याच्या कीबोर्डला पेनड्राइव्ह लावलेला, वाजवेल ते त्यात साठतं. तो गेल्याला वर्ष होत आलं, तेव्हापासून हात लावला नव्हता. आज काढला. धूळ.

१० जून
पहिली फाइल सॉफ्टवेअरमधे घेतली. प्रार्थनेची चाल, पोरांना पाठ असलेली. पडद्यावर नुसतं काळं. एक स्वर हवा तिथं बारीक तुकडे बांधलेले, मधे इवले विराम. माणूस तालाच्या जरा मागं-पुढं असतोच, मशीन ते जसंच्या तसं लिहून काढतं. सरळ करायचं एक बटण आहे. दाबलं. पान स्वच्छ. वाजवून पाहिलं, कुणाचंही वाटलं असतं.
परत मागं घेतलं, पुन्हा वाजवलं. समेच्या आधी सुधीर किंचित थांबायचा, श्वास घेतल्यासारखा. तिथंच तो थांबला.
बाहेर ओट्यावर अण्णा, म्हणजे सासरे, तूर पाखडत होते. सुपाचा आवाज बंद झाला. आत मात्र आले नाहीत.

१२ जून
सरांना सरळ केलेली पानं. वाकडी माझ्यापाशी. दोन्ही ठेवतेय.
सकाळी अण्णा लवकर अंघोळ करून दाराशी खुर्ची टाकून बसले. "लावणार हैस का?" एवढंच.

१५ जून
तो जायच्या आधीच्या हिवाळ्यापासूनच्या फाइली. वरची ओळ उजव्या हाताची, खालची डाव्याची. खालची मागं पडतेय. वाटलं, फाइल आत घेताना गडबड झाली. पुन्हा घेतली. तेच.
पट्टी किती जोरात दाबली तेही फाइलीत असतं. उजवा होता तसाच. डावा दर महिन्याला हलका होत गेलाय.

१६ जून
शेवटची फाइल. जायच्या थोडे दिवस आधीची. दोन्ही ओळींत स्वर आहेत पण एकत्र कुठंच नाहीत. खाली स्वर असला की वर विराम. वर चाल सुरू की खाली काही नाही. बराच वेळ कळेना. मग टेबलावर बोटांनी करून बघितलं. उजवाच हात खाली जातो, स्वर दाबतो, धावत वर येतो. म्हणून चाल उशिरा पोचते.
पूर्ण चाल एका हातानं वाजवली त्यानं. शेजारच्या खोलीत मी होते.
डब्याचं झाकण उघडायला माझ्याकडं द्यायचा. "तुझ्या हाताला जोर आहे." मी हसायचे.

१८ जून
सुधीरच्या अपघाताच्या केसबद्दल सरकारी वकिलांचा फोन. पुढच्या आठवड्यात तारीख, माझी साक्ष. "तब्येत कशी होती विचारतील. ठणठणीत म्हणा, विषय संपला."
टेम्पोवाला बालाजी, येडशीचा. पहिल्या दिवसापासून एकच सांगतोय, वळणावर मोटरसायकल सरळ माझ्या अंगावर आली, त्यांचा डावा हात हँडलवर नव्हता. कुणी विश्वास ठेवला नाही. मी तर दवाखान्यात सगळ्यांदेखत त्याला खोटारडा म्हणाले.
क्लच डाव्या हाताला असतो.
इथवर लिहून उठले. 

२० जून
अण्णांना सांगितलं. फाइल लावली, पडद्यावर बोट ठेवून दाखवलं, आता खाली गेला, आता वर आला. ते पडद्याकडं बघेनात, कीबोर्डकडंच बघत राहिले.
मग म्हणाले, "गेल्या सालच्या उन्हाळ्यात हौदावरनं दोन बादल्या आणायला लागला. डावी सांडली. म्या म्हणलं, घाई लई ह्याला."
"मला पण काही बोलला नाही, अण्णा."
"त्या टेम्पोवाल्यानंच मारलाय त्याला. हे भाईर बोलायचं न्हाय, सुनंदा."
"आणि बालाजी खरं बोलत असेल तर?"
"न्हाय बोलायचं म्हणलं ना." थोड्या वेळानं हळूच, "एका घरात ऱ्हात होतो की गं आपण."

२१ जून
आमच्या डॉक्टरांना विचारलं. "नस दबली असेल. मेंदूचं काही असेल. नाहीतर नुसता खांदा धरला असेल. आता कसं सांगणार, ताई?"
मीही तेच म्हणतेय. एका हातानं गंमत म्हणून वाजवलं असेल. असेल.
फाइल लावली नाही तरी त्याची ती थांबायची जागा ऐकू येते. पातेलं ठेवते, झाकण ठेवते, मधे तेवढीच जागा. कणीक मळता मळता माझ्याच डाव्या हाताकडं बघत राहते.

२३ जून
बाजारात बालाजी समोर आला. वाळलाय. वाटलं बाजूला होईल. नाही झाला.
"वहिनी, मला काय बी म्हणा. पण म्या ब्रेक दाबला व्हता."
मी भाजीची पिशवी धरून उभी.
"हात असा खाली लोंबत व्हता त्यांचा. उजव्या हातानं गाडी वढत व्हते. रोज दिसतंय मला. जेवाय बसलो की दिसतंय."
मला विचारायचं होतं, चेहरा कसा होता त्याचा. तोवर बालाजी कोथिंबिरीची जुडी उगाच हातात घेऊन परत ठेवून निघून गेला.

२४ जून
सरांनी पानं नेली. खूश. "शेवटची चाल जरा विचित्र आहे, मॅडम. दोन्ही हात भरून देऊ का मी?"
नको म्हणाले. 

२५ जून
धाराशिवला कोर्टात गेलो, अण्णा न् मी. जज्जसाहेब रजेवर, पुढची तारीख मिळाली. वऱ्हांड्यात पलीकडच्या बाकावर बालाजी, त्याची बायको. अण्णा पूर्ण वेळ भिंतीकडं तोंड करून. उन्हानं त्यांना जरा गरगरलं तेव्हा बालाजीच्या बायकोनं पाण्याची बाटली पुढं केली. मला वाटलं अण्णा नाही म्हणतील. घेतली. प्यायले. बाटली परत देताना तिच्याकडं बघितलं.
येताना एसटीत, आमचं वाशी गाव जवळ आल्यावर अण्णा म्हणाले,
"पुढल्या तारखेला तुला इचारतील."
"हो."
"काय सांगणार हैस?"
मी तोंड उघडलं, तेवढ्यात त्यांनी हात वर केला. "मला नगं सांगू. जे काय हाय ते तिथंच बोल. म्या बाकावर बसून ऐकंन."