गेस्टचा ड्रायव्हर

६ जानेवारी, मंगळवार

गेस्टच्या नावावर नऊ चेंडू. मी मारलेले नाहीत.

सकाळी टोला मोजायच्या रडारमधल्या जुन्या नोंदी पुसताना दिसले; नाव न घालता मारलं की ते गेस्टखाली नोंदवतं. काल दुपारी १:३८ ते १:५१. एक ते दोन गोल्फच्या सरावाची रेंज बंद असते. मी मागच्या खोलीत डबा खातो, मग खुर्चीतच जरा डोळा लागतो. चेंडू वेचणारी सोमी फाटकापाशी चिंचेखाली बसते. तिच्यासमोरून कोणी आत गेलं नाही म्हणाली. मग मारले कोणी?

मशीनचा घोळ असेल. नवीन आहे. पंख्याच्या पात्यालासुद्धा कधी कधी चेंडू समजतं. पण पंखा असा मारत नाही – नऊच्या नऊ मधोमध, सगळे सव्वादोनशे यार्डांच्या पुढे.

मेहुलला बोललो नाही. रेंज त्याची, पण आकडे बघायचा त्याला कंटाळा.

८ जानेवारी, गुरुवार

मेव्हणीला, सुलूच्या बहिणीला, अजून वाटतं, मी ड्रायव्हर देतो म्हणजे लोकांच्या गाड्यांवर माणसं लावून देतो. आज फोनवर समजावलं – ड्रायव्हर म्हणजे गोल्फची सगळ्यात लांब काठी, पहिला टोला मारायची. उमरोळीच्या रेंजवर लोक येतात, मी त्यांच्या टोल्याची मापं घेतो आणि कुठलं मॉडेल बसेल ते सांगतो.

‘म्हणजे शिंपीच की,’ ती म्हणाली.

खोटं नाही. सव्वीस वर्षं बोईसरच्या कारखान्यात मोजमापाच्या खोलीत काढली, गोल्फही तिथल्या साहेबांबरोबरच शिकलो. तेव्हा लोखंड मोजायचो, आता माणसं.

१० जानेवारी, शनिवार

विक्रमसाहेब आले होते. रंगाच्या कारखान्यात मॅनेजर आहेत. नवा ड्रायव्हर घ्यायचाय. आमच्याकडची तिन्ही मॉडेलं मांडली. ‘मॅक्स’ – डोकं मोठं, तोंड कार्बनचं, वजन मागे नेलेलं. चेंडू कडेला लागला तरी फार भरकटत नाही. ‘लाइट’ – हलका, थकलेल्या खांद्यांसाठी. ‘टूर’ – डोकं लहान, वजन पुढे. चेंडूला फिरकी कमी बसते, लांब जातो. पण जरा चुकलात की दयामाया नाही.

साहेबांचा डोळा टूरवर. काठीचा वेग ताशी ८५ मैल. दहापैकी सहा चेंडू शेजारच्या चिकूच्या वाडीत. मग मॅक्स दिला – दहाही मैदानात. तरी टूर हातात घेऊन कुरवाळत बसले. ‘दिसतो कसा बघा ना,’ म्हणे.

लोक स्वतःसाठी काठी घेतच नाहीत. आपण जे कोणी व्हायला हवं होतं, त्याच्यासाठी घेतात.

साहेब गेल्यावर डबा खाल्ला. उठलो तर गेस्टचे पुन्हा नऊ. मॅक्स टोले मारायच्या मॅटवर पडलेला. साहेबांचा चेंडू कुठे लागतो ते दिसावं म्हणून त्याच्या तोंडावर पावडर मारली होती, साहेबांचे ठसे पुसून पुन्हा मारून ठेवली होती. आता तीवर नवे ठसे – एकावर एक, अंगठ्याएवढ्या जागेत.

म्हणजे मशीनचा घोळ नाही.

१३ जानेवारी, मंगळवार

सोमीला पुन्हा विचारलं.

‘टोल्याचा आवाज येतं ना,’ ती म्हणाली. ‘मना वाटला तुमीच हाय.’

‘मी झोपलेला असतो गं.’

ती डबा धुवायला नळावर गेली. 

दुपारी जाग आली तेव्हा जळक्या रबराचा वास. एमआयडीसीकडून वारा असेल. सोमीला नाही आला.

१५ जानेवारी, गुरुवार

गेस्टचे आठवड्याचे आकडे कागदावर काढले. वेग ९८. चढण बरोबर. फिरकी मिनिटाला ३३०० फेरे – फार झाली. चेंडू वर चढतो आणि पुढे जायच्या ऐवजी तिथेच दम सोडतो. एवढ्या वेगाच्या माणसाला मॅक्स नव्हे. हा मॅक्सवर फुकट जातोय.

एक वाजता मॅक्स उचलून आत ठेवला. टूरचा लॉफ्ट, म्हणजे तोंडाचा तिरपेपणा, नऊ अंशांवर लावला आणि तो मॅटवर ठेवून डबा खायला गेलो. सत्तावन्न वर्षांच्या माणसाने करायची गोष्ट आहे का ही?

खोलीला आतून कडी लावली.

१६ जानेवारी, शुक्रवार

काल त्याने टूर घेतला. फिरकी २४००. अडीचशे यार्ड!

कडी मात्र काढलेली होती. मीच विसरलो असेन लावायला.

फक्त एक – नऊही चेंडू डावीकडे झुकतायत, थोडेसे. मानेपाशी जी फिरवायची बाही असते ती एक घर फिरवली, पुढचं वजन अर्धं बोट बाहेर सरकवलं. बघू ऐकतो का.

२० जानेवारी, मंगळवार

ऐकलं. शनिवारी सरळ, काल सरळ, आज सरळ. दोरीने आखल्यासारखे.

चार वर्षं हे काम करतोय. इतकं अचूक कोणाला बसवलं नव्हतं. आणि ज्याला बसवलं त्याला मी पाहिलेलं नाही. मॅटवर उभं राहिलं की आता मानेवर काटा येतो. तरी एक वाजायची वाट बघतो.

सकाळी चहा घेताना सुलू म्हणाली, ‘अहो, काल जेवताना तुम्ही दोनदा विचारलंत, सलोनी पुण्याहून कधी येतेय. रविवारी तर येऊन गेली.’

मी म्हटलं, हो, माहितीये. गंमत केली.

माहीत नव्हतं. कपाटात नवा करडा शर्ट आहे. सुलू म्हणते सलोनीनेच आणला. त्या रविवारचं मला काहीच आठवत नाही – पोरगी दारातून आत आली असेल, तेसुद्धा नाही.

२२ जानेवारी, गुरुवार

रडारसोबतचा कॅमेरा एकदाचा आला. लोकांना त्यांचा स्विंग दाखवायला. मेहुलने आजच बसवून घेतला. मी उद्या दुपारी तो चालू ठेवणार आहे.

२३ जानेवारी, शुक्रवार

झालं ते क्रमाने लिहून ठेवतो. 

दोन वाजता एका कंपनीची माणसं यायची होती. म्हणून मेहुलने सोमीला जेवायच्या वेळातच चेंडू वेचायला पाठवलं. मला ठाऊक नव्हतं. मला आठवतं ते एवढंच – सोमी समोर उभी आहे, धापा टाकत. तिच्या हातातल्या पत्र्याच्या बादलीला मुठीएवढा खड्डा. मी मॅटवर. माझ्या हातात टूर.

‘काका, मी त्या टोकाला व्हते. तुमच्याकडं बघून हात हालवला. तुमी पण हालवला.’ तिने बादली पुढे केली. ‘नि मग मारला.’

बादली पोटाशी धरली होती म्हणून वाचली. आवाज चढवून बोलली नाही. बादली माझ्या पायाशी ठेवली आणि चिंचेखाली जाऊन बसली. पाणी घेऊन गेलो तर घेतलं नाही.

नंतर कॅमेऱ्यात बघितलं. करडा शर्ट. डाव्या मनगटावर माझं घड्याळ. दहा वर्षं झाली, माझा डावा खांदा पुरता वळत नाही. ह्या माणसाचा वळतो, सहज, दार उघडावं तसा. तो लांब बघतो. हात वर करतो. खाली बघतो, मारतो. चेहऱ्यावर राग नाही, वेड नाही. कामात असलेल्या माणसाचा चेहरा.

चेंडू लांब जाताना बघून तो किंचित हसतो. मी असा हसत नाही.

२४ जानेवारी, शनिवार

सुलूला सगळं सांगितलं. मला वाटलं रडेल. ती उठून कॅलेंडर घेऊन आली. दिवाळीपासून अकरा तारखांवर पेन्सिलीने बारीक टिंब.

‘मधूनच तुम्ही वेगळे बोलायचात,’ ती म्हणाली. ‘नीटच बोलायचात. पण माझ्याशी नव्हे, कोणा ओळखीच्या बाईशी बोलावं तसं. मग चहा मागायचात, की आलात परत.’

‘मग बोलली का नाहीस?’

‘बोलले असते तर ते खरं झालं असतं.’

२८ जानेवारी, बुधवार

पालघरला मेंदूच्या डॉक्टरांकडे गेलो. डॉ. भावना, वयाने सलोनीएवढ्या. डोक्याला तारा लावून आलेख काढला. डुलकीतून उठताना मुद्दाम.

फिटचाच एक प्रकार आहे म्हणाल्या. हातपाय झटकत नाहीत. माणूस उठतो, चालतो, बोलतो, सवयीचं कामही करतो. फक्त मेंदू त्याची नोंद ठेवत नाही. अधूनमधून जुन्या नोंदीही पुसून टाकतो. ‘उठल्यावर कसला वास येतो का?’ विचारलं. रबराचं सांगितलं. त्यांनी मान हलवली, जणू मी पत्ता बरोबर सांगितला.

गोळ्या दिल्यात, सकाळ-संध्याकाळ. स्कूटर बंद. एकही गोळी चुकवायची नाही.

निघताना विचारलंच. ‘तो माझ्यापेक्षा चांगला कसा मारतो?’

‘काका, “तो” म्हणू नका. तुम्हीच आहात.’

‘मी असा कधीच मारला नाही. तिशीतसुद्धा नाही.’

त्यांनी आलेख पुन्हा पाहिला. ‘कदाचित मध्ये कोणी येत नाही म्हणून,’ म्हणाल्या. सुलूने माझा दंड धरला आणि बाहेर आणलं.

९ फेब्रुवारी, सोमवार

गेस्ट नाही. बारा दिवस झाले.

सोमी आता दुपारी माझ्या खोलीच्या दारात बसून जेवते. मी बादलीची आणि त्या दिवसाची माफी मागितली तेव्हा म्हणाली, ‘तुमी नव्हते ते. मी बघितलं ना.’ आणि मग, ‘झोपा आता. मी हाय.’

डॉक्टर म्हणतात तो मीच. सोमी म्हणते मी नव्हे. दोघींनी बघितलंय – एकीने आलेख, एकीने माणूस.

१६ फेब्रुवारी, सोमवार

आज सकाळी कोणी नव्हतं. टूर घेऊन मॅटवर उभा राहिलो. शुद्धीत.

वेग ८२. ८३. ८१. अर्धे चेंडू चिकूच्या वाडीत. उरलेले दीडशेलाच बसले. खांद्यातून कळ गेली.

मी गिऱ्हाईक असतो तर मीच मला सांगितलं असतं – काका, लाइट घ्या, बारा अंश, मऊ दांडी, मैदानात राहील. दोन मिनिटांचं काम. विक्रमसाहेबांनी शेवटी मॅक्स नेला, काल फोन करून चार वेळा आभार मानले. माणसाला त्याचं माप कळलं की तो सुखी होतो, हे मीच चार वर्षं सांगत आलोय.

मेहुल म्हणाला, ‘काका, वापीच्या एका माणसाला तो टूर पाहिजे. देऊन टाकू?’

म्हटलं, सध्या नको. त्याची बाही कुणीतरी लावून ठेवलीय.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

सुलू सकाळी गोळी हातावर ठेवते, पाणी देते आणि गिळेपर्यंत समोर उभी राहते. ‘आ करा,’ म्हणते. हसते, पण बघते. तिच्या कॅलेंडरवर महिन्यात एकही टिंब नाही. रंग परत आलाय तिच्या चेहऱ्यावर. काल मला चिंचणीच्या किनाऱ्यावर फिरायला नेलं, रिक्षाने. ‘आता तुम्ही सगळेच्या सगळे आहात,’ म्हणाली.

मी मान हलवली.

ती क्लिप आज पुन्हा बघितली. हात वर करतो तिथे थांबवली. मग पुढे नेली. खांदा वळतो तिथे थांबवली. त्याला कुठे काही दुखत नाही. त्याला कोणाला सलोनीबद्दल दोनदा विचारावं लागत नाही. मी त्याच्यासाठी मॉडेल निवडलं, लॉफ्ट लावला, वजन सरकवलं, आणि त्याने एका शब्दाने न विचारता ते घेतलं. कोणत्याच गिऱ्हाइकाने माझ्यावर एवढा विश्वास टाकला नव्हता.

क्लिप पुसायची होती. पुसली नाही.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

सोमवारपासून एकही गोळी पोटात गेलेली नाही; जिभेखाली धरतो, सुलू वळली की थुंकतो.

आज दुपारी सोमीला सुट्टी दिली.