डोहाची वाट आणि शिंपल्यांचं आमिष

मी, वसंत नत्थूजी घागरे, वय ४९, धंदा शेती, राहणार सावरगाव, जिल्हा पांढुर्णा. पुढच्या आठवड्यात नागपूरला माझं हृदयाचं ऑपरेशन आहे. डोकं ठिकाणावर आहे, कोणाचा दबाव नाही. हनुमंताला स्मरून हे मृत्युपत्र स्वतःच्या हातानं लिहीत आहे. यापूर्वी असं काही लिहिलेलं सापडल्यास ते रद्द समजावं.

१. राहतं घर आणि बँकेतली ठेव पत्नी सौ. प्रेमलता हिला.

२. जाम नदीकाठची संत्र्याची बाग मुलगी वृषाली हिला. जावयांनी प्लॉट पाडायची गोष्ट काढली, तर तिनं ऐकू नये.

३. फवारणीचा पंप धाकटा भाऊ प्रफुल्ल याला. तो कधीपासून त्याच्याकडेच आहे. परत मागायची मला लाज वाटली, ठेवून घ्यायची त्याला वाटली नाही.

४. माझ्या मासे धरायच्या काठ्या, दोऱ्या, गळ कोणालाही देऊ नयेत, मोडून टाकावेत. मी मांस खात नाही. नदीच्या डोहात गळ टाकतो आणि मासा वर आला की त्याला इजा नको म्हणून हात ओले करून पुन्हा पाण्यात सोडतो. भजनी मंडळात माझी ही जीवदया सांगतात. आमिष कशाचं, असं कोणी विचारलं की मी "कणकेची गोळी" म्हणतो. ते खोटं आहे. कणीक पाण्यात विरते. मी जिवंत शिंपला चाकूनं उघडतो आणि त्याचा गर गळाला लावतो. तो चिवट असतो, मोठा मासा त्यालाच येतो. सोडलेला मासा मी पुण्याईत धरला, शिंपला जीवांतच धरला नाही. माझ्या शोकसभेत जीवदयेचा शब्द कोणी काढू नये.

५. बागेतून डोहाकडे जाणारी वाट मी तारेचं कुंपण घालून बंद केली आहे. वस्तीतल्या शकुबाई तिथून शिंपले वेचून घरी रांधायच्या. "बाई, जीवहत्या होते," असं मी त्यांना म्हटलं होतं. माझ्या मृत्यूनंतर ही वाट त्यांना खुली करावी. *(कलम ५ खोडलं. कारण खाली.)*

हे वाचून दाखवायचं म्हणून शकुबाईंनाच साक्षीला बोलावलं. त्यांच्यादेखत प्रेमलता म्हणाली, "तुमच्या सदऱ्याचा वास मले येत नव्हता काय? सोता शिंपले फोडून राहिले, अन् शकुबाईले जीवहत्या शिकवून राहिले!" सह्यांसाठी बोलावलेल्या वकिलांनी सांगितलं की साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देऊ नये, पुढे वाद होतो. बाईंनी एकतर सही करावी, नाहीतर वाट घ्यावी.

शकुबाईंनी पेन मागितला. "मी सहीच करतो, वसंतभाऊ. तुम्ही मरासाठी मी काहून थांबू? कालवण त आज करा लागते."

मी पक्कड घेऊन बागेत गेलो आणि तार कापली. सही घ्यायला परत आलो, तेव्हा त्या ओट्यावर नव्हत्या. टोपली घेऊन डोहावर गेल्या होत्या. आम्ही सगळे थांबलो. त्या आल्यावर सह्या झाल्या. कागदावर जी ओल दिसते, ती त्यांच्या हाताची आहे. त्यावरून या कागदाबद्दल कोणी शंका घेऊ नये.

सही: वसंत नत्थूजी घागरे

आमच्यादेखत वसंतभाऊंनी व त्यांच्यादेखत आम्ही, खोडलेल्या कलमासह, सह्या केल्या:
१. शकुबाई नान्हे, सावरगाव
२. योगेश कळंबे, शेजारी, सावरगाव

स्थळ: सावरगाव
दिनांक: ४ मे २०२५