फुटलेला नारळ

बमरोली, मंगळवार, संध्याकाळ

झाले पास! आता इंजिनिअर म्हणून माझी पात्रता परदेशातही मानणार.

आणि पास कशावर झाले, तर त्या नारळावर! ऑनलाइन मुलाखतीत एवढे प्रकल्प रंगवून सांगितले, तरी स्क्रीनवरचे परदेशी परीक्षक नुसत्या माना हलवत होते. मग त्यांच्यातल्या बाईंनी विचारलं, कधी चालू काम थांबवलंय का?

सांगावं का? सचिन गावातल्या औद्योगिक वसाहतीत, एका मिलमध्ये नव्या बॉयलरचा मुहूर्त होता. नारळ फुटला, पेढे वाटले, आणि सेफ्टी व्हॉल्व्ह तपासल्याशिवाय मी बॉयलर पेटवूच दिला नाही. शेठ सगळ्यांसमोर ओरडले, "बेन, नारियल फूट गया, अब रुकते नहीं!" अपशकुनी म्हणाले मला. व्हॉल्व्ह अडकलेलाच निघाला, पेटवला असता तर बॉयलर फुटला असता, पण ते कोण लक्षात ठेवतं? त्या लाजेपायी मी हा प्रसंग अर्जात घातलाच नव्हता. मूर्ख कुठली!

आज सांगून टाकला, नारळासकट. तेव्हा कुठे बाईंनी पेन उचललं.

बाबा आत्ताच लूमच्या कारखान्यातून आले, ते नारळ घेऊनच. दारातच थांबले आणि म्हणाले, "तुझं तपासून झालं का सगळं? मग फोडू?"

म्हटलं, बाबा, जोरात फोडा!